कुणाचीच हरकत नव्हती

“काका, डोंगराकडची माणसं आपल्या इमारतीत चालत नाहीत, हे खरं आहे का?”

हा प्रश्न मी सेक्रेटरीकाकांना विचारला तेव्हा आमची लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध लटकत होती. प्रश्न तसा माझा नव्हता. मैत्रिणींनी पैज घातली होती, की वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून फार टुणटुण उडतेस, तर एवढं विचारून दाखव. लिफ्टचा योग मात्र माझा स्वतःचा. एरवी सेक्रेटरीकाकांना काहीही विचारलं की ते चालू लागतात. गच्चीची किल्ली विचारा, जिन्यातला दिवा विचारा, पाठ दिसलीच म्हणून समजा. त्या दिवशी चालायला जागा नव्हती.

काकांनी आधी सगळी बटणं दाबून पाहिली. मग धोक्याची घंटा दाबली. ती मी लहान असल्यापासून वाजलेली नाही. शेवटी लिफ्टच्या छताकडे बघत म्हणाले, “कोण म्हणतं चालत नाहीत? आजवर कुणी आलंच नाही. रीतसर अर्ज करू देत. माझी काय हरकत असणार?”

हे वाक्य मी फुटेल की काय अशा काळजीने घरी आणलं. कारण पैज मैत्रिणींना गंमत होती, ढगीला नव्हती.

ढगी माझ्या वर्गात. आमच्याकडे ढग खिडकीतून घरात येतात, असं तिने पहिल्याच दिवशी भाबडेपणाने सांगून टाकलं आणि वर्गाने तिचं बारसं केलं. तिचे बाबा एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, हे त्यावरून दात करून देतात. ज्यांच्या तोंडात ते दात जातात ती तोंडं त्यांना कधीच दिसत नाहीत. लॅबच्या मागच्या दोन खोल्यांत ते तिघं राहायचे आणि मालकाला महिनाअखेरीस त्या खोल्या नव्या मशीनसाठी हव्या होत्या. दुसरी जागा मिळाली नाही तर बाबा लॅबमधल्याच बाकावर झोपणार, आणि ढगी आईबरोबर परत वर जाणार. वर त्यांच्या गावात शाळा आठवीला संपते. आम्ही नववीत. बीजगणित माझं कच्चं आहे, पण हे मलाही सुटलं.

आणि आमच्या तळमजल्यावर माझ्या आत्याची जागा रिकामी पडून होती. आत्या मुलाकडे राहायला गेली, किल्ली आमच्या फ्रिजवर. इतकं सोपं होतं. मला तर वाटलं, मधल्या सुट्टीत उरकेल.

बाबांना सांगितलं तर ते एकदम उदार झाले. माणूस म्हणजे माणूस, डोंगर काय आणि दरी काय, असं काहीबाही म्हणाले. बाबा पाणीपुरवठा खात्यात आहेत. दाब नसला की ते छान वाहतात. आई औषधांच्या दुकानात बसते, त्यामुळे तिचा सल्ला नेहमी पोटात काहीतरी असतानाच घ्यावा. ती म्हणाली, चांगलंच आहे, पण थोडंथोडं घ्या, एकदम नको. आत्या फोनवर म्हणाली, द्या की, फक्त सोसायटीला विचारून द्या.

आता आमची सोसायटी म्हणजे काय ते सांगायला हवं. इमारतीत तीन प्रकारची माणसं राहतात. सेक्रेटरीकाका आणि त्यांचा पहिला मजला किनाऱ्याकडचा. किनाऱ्याकडची माणसं गोड बोलून खिसा कापतात, असं बाकीचे म्हणतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू नदीकाठच्या. नदीकाठच्या बायका भांडण शोधायला सकाळी लवकर उठतात, असं बाकीचे म्हणतात. आम्ही आणि आमच्या समोरचे आजोबा पठारावरचे. पठारावरची माणसं पाहुण्याला पाणी विचारतात पण भांडं दाखवत नाहीत, असं बाकीचे म्हणतात, आणि हे मात्र साफ खोटं आहे. समोरचे आजोबा कधी सैन्यात नव्हते, पण दार उघडताना ‘कोण आहे’ असं ओरडतात म्हणून सगळे त्यांना मेजर म्हणतात.

या तिघांचं आजवर कशावरही एकमत झालेलं नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करायची तर कुणाच्या ओळखीच्या मेकॅनिककडून, यावर ती बंद. टाकी धुवायची तर आधी कुणाचं पाणी बंद करायचं, यावर ती न धुतलेली. काकूंच्या कुंडीतलं पाणी एकदा सेक्रेटरीकाकांच्या वाळत घातलेल्या शर्टावर पडलं, तेव्हापासून ते दोघं एकमेकांशी फक्त फळ्यावर सूचना लिहून बोलायचे. अध्यक्षाची खुर्ची तर रिकामीच होती. किनाऱ्याचा नको, नदीचा नको, पठाराचा तर नकोच.

मला ना-हरकतीचा कागद मिळाला. त्यावर शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. मी शाळेच्या गणवेशातच निघाले, कारण गणवेशातल्या मुलीला नाही म्हणणं जड जातं असा माझा अनुभव. नाही कुणीच म्हणालं नाही. पहिल्या मजल्यावर सांगितलं, आम्हाला काही नाही गं, पण दुसऱ्या मजल्यावर विचार, त्यांना चालायला हवं. दुसऱ्या मजल्यावर काकूंनी मला बसवलं, सरबत दिलं, आणि माझी काळजी वाटते म्हणाल्या. डोंगराकडचा एक आला की मागून दहा येतात. दारं उघडी टाकतात. रागीट असतात, पटकन हातात काहीतरी घेतात. मी विचारलं, काकू, तुम्ही कधी पाहिलंत? काकू म्हणाल्या, पाहायची वेळच येऊ दिली नाही. पण सही करायला त्यांची हरकत नव्हती, फक्त मेजरांनी आधी करावी. मेजर म्हणाले, मी जगात सगळ्या प्रकारच्या माणसांबरोबर राहिलोय (ते जन्मभर याच इमारतीत राहिलेत), मला फरक पडत नाही, पण वरच्या मजल्यावर लहान मुलं आहेत, त्यांना विचार. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, आम्ही सगळ्यात शेवटी करू. त्याच्या वर गच्ची. गच्चीवर पाण्याची टाकी. तिचीही हरकत नव्हती, पण तिला सही येत नव्हती.

मग बाबांना सुचलं, की पोलिसांचा वर्तणुकीचा दाखला आणला तर लोक आपोआप गप्प बसतील. ढगीचे बाबा अर्धा दिवस रजा टाकून चौकीवर गेले. तिथे सांगितलं, दाखला पत्त्यावर मिळतो, पत्ता आणा. ते म्हणाले, पत्ता मिळावा म्हणूनच दाखला हवाय. टेबलामागच्या माणसाने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, डोंगराकडचे का? हो म्हटल्यावर तो म्हणाला, तरीच. यात ‘तरीच’ काय, हे मी पुष्कळांना विचारलं. अजून कळलेलं नाही.

तरी सगळं वाईट चाललं होतं असं नाही. खरं म्हणजे चांगलं चाललं होतं, हाच घोळ झाला. हळूहळू सह्या आल्या. मेजरांनी केली, म्हणून काकूंनी केली. आशा अशी वाढली की ढगी आणि तिची आई एका रविवारी येऊन आत्याची जागा घासून गेल्या. काय घासली. न्हाणीघराच्या फरशीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा फुलं असल्याचं दिसलं. ढगीने खिडकीच्या जाळीतली धूळ जुन्या टूथब्रशने काढली आणि आपला पलंग कुठे लावायचा ते फरशीवर ओल्या बोटाने आखून दाखवलं. मी म्हटलं, तिथे डोक्यावर ऊन येईल. ती म्हणाली, येऊ दे. उन्हात अभ्यास होतो. ढगात नाही होत, वही दमट होते.

शेवटचा टप्पा होता ओळख-भेट. सोसायटीच्या नियमांत वगैरे नाही, पण सेक्रेटरीकाका म्हणाले, सगळ्यांना एकदा बघून घेऊ दे म्हणजे मनात काही राहायला नको. भेट त्यांच्याच घरी. काकूसुद्धा आल्या. शर्टप्रकरणानंतर पहिल्यांदाच त्या त्या उंबऱ्याच्या आत आल्या होत्या आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या, म्हणजे त्याला लागलेला किनारा त्यांना लागणार नाही.

ढगीच्या बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईने डोक्याला इतकं तेल लावलं होतं की तिचा एक केस जरी हलला असता तर आवाज आला असता. दोघं खुर्चीच्या टोकावर. प्रश्न सुरू झाले. घरात माणसं किती? तीनच. पाहुणे? येत नाहीत. मोठ्याने बोलता का? यावर ढगीचे बाबा इतक्या हळू ‘नाही’ म्हणाले की मेजरांना ऐकू आलं नाही आणि त्यांनी ‘कोण आहे’च्या सुरात पुन्हा विचारलं. सगळे हसले. ढगीची आईसुद्धा हसली. काकूंनी तिला विचारलं, डोकं कशाने धुतेस, केस छान आहेत. मी ढगीला कोपराने ढोसलं. जमलं.

सेक्रेटरीकाका समारोपाचं बोलायला लागले. ते छान बोलतात. सगळे देशबांधव, वगैरे. बोलताना त्यांच्या तोंडातून मधूनच एक बारीक टक्‌ असा आवाज येत होता. तो आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, आम्ही त्याला काकांची सवय समजतो. ढगीचे बाबा मात्र पुढे झुकले. ते काकांच्या तोंडाकडे असं बघायला लागले, जशी ढगी न सुटणाऱ्या गणिताकडे बघते. मग त्यांचा चेहरा उजळला. सबंध संध्याकाळ आखडून बसलेला तो माणूस पहिल्यांदा सैल झाला.

“साहेब, खालची कवळी टोचते का हो तुम्हाला?” ते म्हणाले. “डॉक्टरांकडून परत पाठवा, मी घासून देतो. समोरचा दात जरा तिरका ठेवा, म्हणजे खरे वाटतील, असं डॉक्टरांकरवी तुम्हीच कळवलं होतं ना? मला आठवतंय. छान दिसतोय.”

काकूंनी काकांच्या समोरच्या दाताकडे पाहिलं. मेजरांनी पाहिलं. सेक्रेटरीकाकूंनी छताकडे पाहिलं. सेक्रेटरीकाका पासष्टीचे, आणि आपले सगळे दात मूळचे आहेत, ते किनाऱ्याच्या पाण्याचे आहेत, असं ते आम्हाला प्रत्येक गॅदरिंगला सांगत आलेले. आम्ही पोरं त्यांच्यावरून दात घासायला शिकलो.

ढगीच्या बाबांना काय झालं ते कळलंच नाही. त्यांच्या दृष्टीने त्यांनी या इमारतीतला पहिला ओळखीचा माणूस शोधला होता. त्यांनी बनवलेले दात जन्मात पहिल्यांदा त्यांना बोलताना दिसत होते. ते जाईपर्यंत हसत होते. जिन्यात त्यांनी माझ्या बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, भली माणसं आहेत.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तातडीच्या सभेची सूचना लागली. दाताचा उल्लेख कुठेच नव्हता. सूचनेत ‘इमारतीच्या संस्कृतीचे रक्षण’ असं होतं.

त्या सभेला पहिल्यांदाच गणपूर्ती झाली. ही घटना सोसायटीच्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे. खुर्च्या कमी पडल्या. सेक्रेटरीकाका म्हणाले, हे लोक खासगी गोष्टींत नाक खुपसतात. काकू म्हणाल्या, मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. कालपर्यंत काकूंच्या मते खिसेकापू असलेले काका आज ‘आपले सेक्रेटरी’ झाले होते. सही केलेले सगळे म्हणाले, आम्ही सही केली ती मुलीच्या गणवेशाकडे बघून. वरच्या मजल्यावरच्यांनी तर सही केलीच नव्हती, त्यामुळे ते सगळ्यात ताठ बसले होते. मी उभी राहून सांगायला गेले, की त्या माणसाने फक्त दात घासून देतो म्हटलं, तर सगळ्यांनी एकदम ‘शू’ केलं. किनारा, नदी आणि पठार एका सुरात. इतकं सुरेल ‘शू’ मी आमच्या शाळेच्या समूहगीतातसुद्धा ऐकलेलं नाही.

मग बाबा उठले. मला वाटलं, आता. माणूस म्हणजे माणूस.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, इमारतीची शांतता सगळ्यात महत्त्वाची, तेव्हा अर्ज मी स्वतःहून मागे घेतो. खाली बसले. टाळ्या पडल्या. मेजर म्हणाले, याला म्हणतात मन मोठं. कुणीतरी म्हणालं, अध्यक्ष असा हवा. कुणाचीच हरकत नव्हती. पठाराचा माणूस अध्यक्ष झाला.

यानंतर आमच्या इमारतीला जे दिवस आले, ते बघून तुम्हीही म्हणाल, काय माणसं आहेत. लिफ्ट दुरुस्त झाली. काकूंच्या ओळखीचा मेकॅनिक आला आणि सेक्रेटरीकाकांनी त्याला स्वतः चहा नेऊन दिला. टाकी धुतली गेली. धोक्याची घंटा इतकी खणखणीत वाजायला लागली की मेजर दोनदा ‘कोण आहे’ म्हणून बाहेर आले. काकू आणि काका आता फळ्याशेजारी उभे राहून तोंडाने बोलतात. विषय एकच. बघा, थोडक्यात वाचलो. आणि आत्याची जागा तात्पुरती सोसायटीचं कार्यालय म्हणून दिली आहे. येणारा प्रत्येक जण खाली बघतो आणि म्हणतो, वा, फरशी काय चकचकीत ठेवलीय. बाबा म्हणतात, थँक्यू.

ढगीचा शाळेतला शेवटचा दिवस शनिवारी होता. दाखला काढायला तिची आई ऑफिसात गेली होती आणि आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी. मला सुचलं ते एवढंच. मी म्हटलं, वर पत्रानेही अभ्यास करता येतो म्हणे, परीक्षेला फक्त खाली यायचं. ती म्हणाली, वर म्हशी आहेत, आजी आजारी आहे, आणि आई एकटी. बघू. ‘बघू’ कसं म्हणायचं हे मोठ्या माणसांकडून शिकावं लागतं. ती शिकली होती.

मग तिने विचारलं, “तुमची लिफ्ट सुरू झाली म्हणे?”

मी हो म्हटलं.

“चला,” ती म्हणाली, “आमचा काहीतरी उपयोग झाला.”

आणि ती हसली. मी हसले नाही. तिने माझी वेणी ओढली, अगं, विनोद होता, म्हणाली. तिची आई दाखला घेऊन बाहेर आली. आईनेही मला ‘येते गं’ म्हटलं. दोघी फाटकातून गेल्या तेव्हा वर्गातल्या पैजवाल्या मैत्रिणी माझ्याकडे बघत होत्या. पैज मी जिंकले होते. ते कुणी काढलं नाही.

ढगीचे बाबा अजून लॅबमध्येच आहेत. बाकावर झोपतात. सेक्रेटरीकाकांचा टक्‌ आवाज चालूच आहे. त्यांनी कवळी परत पाठवलेली नाही.

काल संध्याकाळी सेक्रेटरीकाका आणि काकू दोघं मिळून आमच्याकडे आले. रविवारी इमारतीच्या एकोप्यानिमित्त स्नेहसंमेलन आहे. तर तुमच्या तोफेने एकोप्यावर भाषण करावं. तोफ म्हणजे मी. अध्यक्षांची मुलगी, त्यात बक्षीसपात्र. आई लाजली. बाबा म्हणाले, ती करेलच. ते दोघं जाईपर्यंत मी चमचे पुसत उभी होते. पुसलेलेच चमचे परत पुसत होते.

आज जेवताना मी बाबांना विचारलं, की ढगीच्या बाबांना तुम्ही नंतर भेटलात का. बाबा म्हणाले, त्यात काय भेटायचं. आई म्हणाली, आता तो विषय पोटात जाऊ दे. मी म्हटलं, त्यांना कुणी सांगितलं तरी का, की झालं काय? ते अजून आपल्याला भली माणसं समजतात.

बाबांनी घास खाली ठेवला. पाण्याचं भांडं जवळ ओढलं. मग अगदी हळू, जणू स्वतःलाच समजावत, म्हणाले, “ते लोक वाईट नाहीत गं. मला माहीत आहे ते. चांगले आहेत, म्हणून तर समजून घेतील.”

आईने मान हलवली. नळ गळत होता. पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाच्या घरचा नळ.

तेव्हा मी त्यांना सांगितलं. म्हटलं, आई, बाबा, मी ठरवलंय. रविवारी मी भाषण करणार. आपली इमारत एक कशी झाली, हाच विषय आहे, आणि तो माझ्याइतका कुणालाच माहीत नाही. कोण कोण काय म्हणालं ते पहिल्या मजल्यापासून सांगेन. काकांच्या दातांचं काढणार नाही, ते त्यांचं खासगी आहे. पण बाकी काही गाळणार नाही. ढगीच्या बाबांना मी पहिल्या रांगेत बसायला बोलावलंय. ते येतो म्हणालेत, शर्टाला इस्त्री करून. आणि बाबा, तुम्ही आत्ता जे म्हणालात, त्याने शेवट करणार आहे.

बाबा म्हणाले, “अगं, मी तुझा बाप आहे. घरातली माणसं एकमेकांना समजून घेतात.”

“चांगली असली तर घेतात,” मी म्हटलं. “मी नाही घेणार.”